काळी पडलेली बिट: कधी वाचते, कधी बदलावी

९३६ प्रकारच्या सोल्डरिंग स्टेशनची बिट, म्हणजे सोल्डर वितळवणारा हँडलचा पुढचा तापणारा भाग, काळी पडली होती. तापमान ३५० अंश सेल्सियस, तरी सोल्डर चिकटेना. गोळी होऊन घरंगळायचं. अशा वेळी तापमान वाढवायचा मोह होतो, पण त्याने काळा थर आणखी जाड होतो.

उलट २५० वर आणलं. बिट पितळी तारांच्या चोथ्यात खुपसून फिरवली, रोझिन फ्लक्समध्ये (काळा थर सोडवणाऱ्या राळेत) बुडवली आणि लगेच ६०/४० सोल्डर (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं) भरपूर लावलं. चौथ्या-पाचव्या फेरीला टोकाच्या एका कडेवर चांदीसारखा ठिपका दिसला. तिथूनच कल्हई, म्हणजे सोल्डरचा चकचकीत थर, पसरत गेली.

कानस किंवा पॉलिश पेपर अजिबात नको. आत तांबं असतं, वर लोखंडाचा पातळ मुलामा. तो गेला की वितळलेलं कथील तांबं खातं आणि टोकाला खड्डा पडतो. खड्डा दिसला तर बिट बदलाच.

बदलताना स्टेशन बंद, हँडल पूर्ण गार. नट हातानेच सोडवायचा. बिट पोकळ असते, आतला सिरॅमिक हीटर खडूसारखा मोडतो, म्हणून सरळ ओढायची, पिळायची नाही. ९३६ ला बसणारी, ९००एम मालिकेचीच नवी बिट घ्यावी. सैल बसली तर उष्णता टोकापर्यंत पोचत नाही. पहिल्यांदा तापताना, सोल्डर वितळू लागताच कल्हई करावी. काम संपल्यावर टोकावर सोल्डरचा थेंब ठेवूनच स्टेशन बंद करायचं.