माकडांच्या नोंदी करताना या चुका टाळा

पहिल्या हिवाळ्यात मी बोरिवलीच्या जंगलातल्या कान्हेरी लेण्यांच्या पायऱ्यांवर बसून वही भरभरून लिहिली. घरी येऊन चाळली, तर पानोपानी भांडणं आणि खाऊची पळवापळवी. माकडं दिवसभर भांडतच असतात की काय? छे! आरडाओरडा झाला की माझी मान तिकडे वळायची, एवढंच. तासभर पिल्लाच्या अंगातल्या उवा काढत बसलेली माकडीण वहीत आलीच नव्हती.

नवी मुलं बहुतेक इथेच चुकतात. कोणाकडे आणि किती वेळ बघायचं, हे बोरिवलीला उतरण्याआधीच ठरवा. प्राण्यांच्या वागणुकीच्या अभ्यासक जीन ऑल्टमन यांचा निरीक्षणपद्धतींवरचा १९७४ चा लेख आजही वाचतात, तो यासाठीच. एक माकड निवडा, घड्याळ लावा आणि १० मिनिटं त्याच्यावरची नजर हलवू नका, शेजारी कितीही कल्ला होवो. नाहीतर दर १० मिनिटांनी टोळीवर नजर फिरवून त्या क्षणी कोण काय करतंय ते टिपा. माकड झाडीत शिरलं, तर 'दिसत नाही' असं लिहा. अंदाजाने रकाना भरू नका.

सगळ्यांना 'माकड' म्हणून मोकळे होऊ नका. डोक्यावर टोपीसारखे केस आणि लांब शेपूट असलेलं ते बॉनेट. आखूड शेपटीचं, मागून तांबूस, ते ऱ्हीसस. काळ्या तोंडाचं ते वानर. बॉनेट फक्त आपल्या द्वीपकल्पात आढळतं आणि आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत ते 'असुरक्षित' आहे. तुमच्या वहीत नेमकं तेच हरवायला नको.

फाटक्या कानाची एक माकडीण ओठ मागे ओढून दात दाखवत होती. सोबतच्या मुलीने लिहिलं, 'हसली'. समोर थोराड नर येऊन उभा होता, ती घाबरली होती! म्हणून आधी दिसलं तेवढंच लिहा: ओठ मागे, दात दिसले, दोन पावलं मागे सरकली. अर्थ नंतर लावता येतो.

आजूबाजूला माणसं किती, कोणाच्या हातात खाऊ होता, हेही टिपा. पिशव्या हिसकावणारी टोळी बघून जंगलातली माकडं अशीच वागतात, असं लिहिणं त्यांच्यावर अन्याय आहे. ती सवय आपण लावली आहे. स्वतः तर शेंगदाणाही टाकू नका.

अभ्यासासाठी वनविभागाची लेखी परवानगी लागते, ती आधीच काढा. आणि सर्दी-ताप असेल त्या दिवशी घरीच थांबा, माणसाचे आजार माकडांना लागतात.