कोंबड्यांच्या खुराड्यात लपलेली कीड : या चुका टाळा

परसात दहा-पंधरा कोंबड्या पाळणाऱ्या घरांत एक तक्रार वारंवार ऐकू येते. कोंबड्या नीट खातात, लसही वेळेवर दिलेली असते, तरी अंडी कमी होतात, तुरे फिकट पडतात आणि दिवेलागणीला त्या खुराड्यात शिरायला तयार होत नाहीत. खुडूक कोंबडी अंड्यांवरून मधेच उठली, तर दोष तिलाच दिला जातो. दिवसा कोंबडी हातात घेऊन, पिसे फुंकून पाहिले, तर अंगावर काहीच आढळत नाही, आणि तपासणी तेथेच थांबते. सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे, कारण रक्त पिणारा लाल कोळी (जाळे विणणारा नव्हे, तर ‘माइट’ ही बारीक कीड) दिवसभर लाकडाच्या भेगांत दडून राहतो आणि अंधार पडल्यावरच कोंबड्यांवर चढतो.

हा कोळी एक मिलिमीटरहूनही लहान असतो. उपाशी असताना करडा आणि रक्त प्यायल्यावर लाल दिसतो. त्यामुळे तपासणी रात्री, कोंबड्या बसल्यानंतर तासाभराने, बॅटरी घेऊन करावी. कोंबड्या बसतात त्या दांडीच्या खालच्या बाजूने पांढरा कपडा दाबून फिरवावा; कपड्यावर रक्ताच्या बारीक रेघा उमटल्या, तर शंकेला जागा उरत नाही. रात्री जागणे शक्य नसेल, तर कागदाची घट्ट सुरळी संध्याकाळी दांडीच्या सांध्यात खोचून ठेवावी आणि सकाळी पांढऱ्या ताटात उलगडावी. सांध्यांभोवती मीठ-मिरपूड सांडल्यासारखी करडी भुकटी दिसणे, अंड्यांच्या कवचावर लाल-काळे ठिपके असणे आणि अंडी गोळा करणाऱ्याच्या हातांना खाज सुटणे, याही त्याच्याच खुणा आहेत.

दुसरी चूक म्हणजे औषध फक्त कोंबडीला लावणे. उवांच्या बाबतीत ते योग्य आहे, कारण उवा जन्मभर कोंबडीच्या अंगावरच राहतात आणि त्यांच्या लिखा शेपटीखालच्या पिसांच्या मुळाशी पुंजक्याने चिकटलेल्या दिसतात. कोळ्याचे बिऱ्हाड मात्र खुराड्यात असते, म्हणून कोंबड्यांना कितीही पावडर लावली, तरी रात्री नवी फौज बाहेर पडतेच. आपल्याकडे बसण्यासाठी सर्रास बांबू बांधतात. त्याची पोकळ टोके, चिरा आणि सुंभाने बांधलेले सांधे ही लपण्याची उत्तम ठिकाणे होत. माझ्या मते जुना, चिरलेला बांबू धुण्या-फवारण्यात वेळ घालवण्यापेक्षा जाळून टाकावा आणि त्या जागी गुळगुळीत, काढता-घालता येणारी दांडी बसवावी. अंडी घालण्याच्या डालग्यातील पेंढा व गोणपाटही जाळावे, भिंतींच्या भेगा बुजवून चुन्याचा हात द्यावा आणि मगच फवारणीचा विचार करावा. दांडीचे पाय तेल भरलेल्या डब्यांत ठेवले आणि दांडी भिंतीला टेकू दिली नाही, तर खालून चढणाऱ्या कोळ्यांची वाट बरीचशी बंद होते.

एकदाच फवारून मोकळे होणे, ही याच चुकीची पुढची पायरी आहे. उन्हाळ्यात अंड्यापासून पूर्ण वाढ झालेला कोळी तयार व्हायला आठवडाभर पुरतो आणि बहुतेक औषधांनी अंडी मरत नाहीत. म्हणून आठ-दहा दिवसांनी फवारणी पुन्हा करावीच लागते.

कोंबड्यांचा गोचीड आणि गाई-म्हशींचा गोचीड एकच समजणे, ही चूक तर जिवावर बेतू शकते. कोंबड्यांचा मोठा गोचीड चपटा असतो, रात्री थोडा वेळ रक्त पितो आणि पुन्हा भेगेत जातो. त्याची पिल्ले मात्र पंखांखाली पाच ते दहा दिवस चिकटून राहतात व निळसर-काळ्या दाण्यांसारखी दिसतात. या गोचिडामुळे होणाऱ्या जंतुतापात कोंबडी मान टाकते आणि हिरवट पातळ विष्ठा टाकते, त्यामुळे लोक त्याला मानमोडी (राणीखेत हा औषध नसलेला रोग) समजून हात टेकतात. वास्तविक हा आजार पेनिसिलिनला दाद देतो. म्हणून हिरवी विष्ठा दिसताच पंखांखाली पाहावे आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात गोचिडांचा उल्लेख आवर्जून करावा.

घरात उरलेले कापसाचे किंवा सोयाबीनचे कीटकनाशक खुराड्यात मारण्याचा मोह अनेकांना होतो. मोनोक्रोटोफॉससारखी औषधे पक्ष्यांना विशेष घातक आहेत, आणि कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मिळणारे फिप्रोनिल कोंबड्यांसाठी नाहीच. २०१७ मध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये लाल कोळ्यासाठी वापरलेल्या औषधात फिप्रोनिल बेकायदा मिसळल्याचे उघड झाले आणि लाखो अंडी बाजारातून मागे घ्यावी लागली. औषध कोणते, किती पाण्यात आणि त्यानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत, हे तिन्ही प्रश्न पशुवैद्यकाला विचारूनच फवारणी करावी; फवारताना कोंबड्या, पाणी व खाद्य बाहेर काढावे. राखेच्या घरगुती उपायावर मात्र कोणी हसू नये : कोरडी राख आणि बारीक माती उथळ खड्ड्यात ठेवली, की कोंबड्या स्वतःच धुळीत लोळून अंगावरची बरीच कीड कमी करतात. भेगांतली कीड राखेने संपत नाही, एवढेच लक्षात ठेवावे.

उंदरांबद्दल फार लिहायला नको. रात्री खाद्य उघडे ठेवले, की उंदीर व घुशी येतात, त्यांच्या अंगावरून पिसवा येतात आणि त्यांच्या मागोमाग धामण येते. झिंक फॉस्फाइडचे आमिष कोंबड्यांच्या चोचीला लागेल असे कधीही ठेवू नये. त्याऐवजी अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी जमिनीत फूटभर गाडावी. नायलॉनची जाळी घूस सहज कुरतडते आणि साप तीत अडकतो. धामण, घोरपड व मुंगूस हे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित असल्याने त्यांना मारू नये. महाराष्ट्रात वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवता येते.

आठवडी बाजारातून आणलेल्या तलंगा (तरुण कोंबड्या) थेट जुन्या कळपात सोडू नयेत. त्यांना दोन ते तीन आठवडे वेगळे ठेवावे आणि ज्या डालग्यातून त्या आल्या, ते अंगणातही आणू नये. कीड झाली म्हणून कोंबड्या विकून खुराडे महिना-दोन महिने रिकामे ठेवण्याचा उपायही फसवा आहे : लाल कोळी उपाशीपोटी कित्येक महिने जगतो आणि गोचीड वर्षाहूनही अधिक काळ तग धरतो. त्यामुळे नवी पिल्ले आणण्यापूर्वी रिकाम्या खुराड्याच्याही भेगा साफ कराव्यात आणि पहिल्या आठवड्यातच कागदाची सुरळी खोचून पाहावी.