चिमटा-मीटरने एसएमडी पार्ट कसे तपासायचे

०४०२ मापाचा एसएमडी (बोर्डाच्या पृष्ठभागावर थेट सोल्डर होणारा) सिरॅमिक कपॅसिटर म्हणजे एक मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद असा तपकिरी कण. त्यावर काहीही छापलेलं नसतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणलेल्या दोन पट्ट्यांतले पार्ट टेबलावर एकत्र सांडले, तर १० पिकोफॅरडचा कुठला आणि १०० नॅनोफॅरडचा कुठला, हे डोळ्यांनी सांगणं कठीण. मल्टिमीटरचे दोन प्रोब दोन हातांत धरून मोजायला जावं, तर पार्ट टिचकी मारल्यासारखा उडतो. चिमटा-मीटरची दोन टोकं हेच प्रोब असतात, त्यामुळे एका हातात काम होतं. काही मीटर चिमट्यातच बसवलेले असतात. डीई-५००० सारख्या हँडहेल्ड एलसीआर मीटरला (कॉइल, कपॅसिटर, रेझिस्टर मोजणाऱ्या) वायरचा चिमटा वेगळा जोडता येतो.

चिमट्यात काहीही धरलं तरी मीटर काहीतरी आकडा दाखवतोच. तो कोणत्या फ्रिक्वेन्सीवर आला आणि त्यात आजूबाजूचं काय मिसळलंय, हे आपल्याला बघावं लागतं.

आधी चार्ज काढा

बोर्डाची पॉवर काढा, बॅटरीही काढा. चार्ज असलेला कपॅसिटर चिमट्यात धरला की मीटरचं इनपुट जातं. २३० व्होल्टवर चालणाऱ्या एसएमपीएसमधल्या (स्विचिंग पॉवर सप्लायमधल्या) मोठ्या कपॅसिटरवर साधारण ३२५ व्होल्ट डीसी असतात, तिथे जीवही जाऊ शकतो. इन्सुलेटेड क्लिपांनी २.२ किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टर काही सेकंद लावा, मग मल्टिमीटरच्या डीसी व्होल्ट रेंजवर शून्य आलंय का बघा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडायची सवय असेल, तर ती सोडा.

ओपन आणि शॉर्ट

मीटर सुरू केल्यावर दोन कॅलिब्रेशन करायची. शॉर्टसाठी टोकं एकमेकांवर नीट दाबून धरा. टोकांचा आणि वायरचा काही मिलिओहमचा रेझिस्टन्स त्यामुळे वजा होतो. ओपनच्या वेळी बरेच जण चिमटा पूर्ण उघडा ठेवतात, आणि चूक तिथेच होते. दोन टोकांमध्ये स्वतःचा कपॅसिटन्स असतो, तो पिकोफॅरडच्या आसपास, आणि टोकं जवळ आली की वाढतो. म्हणून जो पार्ट मोजायचा त्याच्या लांबीएवढंच अंतर ठेवून ओपन करा: ०६०३ साठी १.६ मिलिमीटर, ०८०५ साठी २. हे १०० नॅनोफॅरडला जाणवणार नाही, पण क्रिस्टलजवळच्या १२ पिकोफॅरडमध्ये नक्की जाणवेल.

पार्ट धरताना

पार्ट धातूच्या ट्रेमध्ये ठेवू नका. पांढऱ्या कागदावर दुहेरी चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर ठेवा. दोन्ही टोकांच्या चकचकीत टोप्यांवर बाजूने पकडा, वरून नाही. दाब बेताचा ठेवा, नाहीतर पार्ट उडतो किंवा त्याची टोपी निघते. एक मेगओहमच्या वरचा रेझिस्टर मोजताना टोकांना बोट लावू नका. बोटातून जाणारा करंट आकडा खाली ओढतो. पावसाळ्यात फ्लक्सचा चिकट थर दमट झाला की तोही हेच करतो.

रेझिस्टरवर आकडे असतील तर आधी ते वाचा. '१०३' म्हणजे १० किलोओहम. '०१सी' असं असेल तर तेही १० किलोओहमच: ०१ म्हणजे १००, आणि सी म्हणजे गुणिले १००.

फ्रिक्वेन्सी

ऑटो मोड बऱ्याचदा बरोबर निवडतो, पण डोळे झाकून सोडू नका. १० पिकोफॅरडचा रिअ‍ॅक्टन्स (एसीला होणारा अडथळा) १ किलोहर्ट्झवर जवळजवळ १६ मेगओहम येतो. इतका मोठा आकडा छोट्या मीटरला झेपत नाही आणि वाचन नाचतं. १०० किलोहर्ट्झवर तोच १६० किलोओहम होतो आणि आकडा स्थिर बसतो. उलट १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक १०० हर्ट्झवर १६ ओहम असतो, तर १०० किलोहर्ट्झवर १६ मिलिओहम, म्हणजे तिथे कपॅसिटन्स विचारण्यात अर्थ नाही. मात्र त्याचा ईएसआर (आतला सीरिज रेझिस्टन्स) मोजायचा असेल तर हीच फ्रिक्वेन्सी लावा. कॉइलचं उलट: १० मायक्रोहेन्री १ किलोहर्ट्झवर फक्त ०.०६ ओहम, १०० किलोहर्ट्झवर ६.३ ओहम.

म्हणून पिकोफॅरड आणि मायक्रोहेन्रीला वरची फ्रिक्वेन्सी, नॅनोफॅरडला १ किंवा १० किलोहर्ट्झ, मोठ्या इलेक्ट्रोलिटिकला १०० किंवा १२० हर्ट्झ. इम्पीडन्स (एसीला होणारा एकूण अडथळा) काही ओहमच्या घरात असेल तर सीरिज मोड, दहा किलोओहमच्या वर असेल तर पॅरलल.

१० मायक्रोफॅरडचा ७ का दाखवतो

पार्ट खराब आहे असं लगेच ठरवू नका. एक्स५आर, एक्स७आर जातीच्या सिरॅमिकचा कपॅसिटन्स त्यावर पडणाऱ्या एसी व्होल्टेजप्रमाणे बदलतो. कंपन्या १० मायक्रोफॅरडचा पार्ट सहसा १ किलोहर्ट्झ आणि १ व्होल्टवर मोजतात. चिमटा अर्ध्या किंवा त्याहून कमी व्होल्टवर मोजतो, त्यामुळे आकडा खाली येतो. शिवाय असा पार्ट नुसता पडून राहिला तरी हळूहळू उतरतो, आणि सोल्डरिंगची उष्णता लागली की परत चढतो. म्हणून नुकताच काढलेला पार्ट गरम असताना मोजू नका. काटेकोर आकडा हवा असेल तर २४ तासांनी मोजा.

याच स्वभावाचा उपयोगही होतो. मिसळलेल्या ढिगातला १ नॅनोफॅरडचा पार्ट सी०जी (कपॅसिटन्स स्थिर राहणाऱ्या जातीचा सिरॅमिक) आहे की एक्स७आर, हे बघायचं असेल, तर चिमट्यात धरून तापलेलं सोल्डरिंग आयर्न शेजारी दोन-तीन मिलिमीटरवर आणा, टेकवू नका. एक्स७आरचा आकडा डोळ्यांदेखत सरकू लागतो, सी०जीचा जागचा हलत नाही. डी फॅक्टरही (कपॅसिटरमधल्या लॉसचा आकडा) तेच सांगतो: सी०जीमध्ये तो जवळपास शून्य, एक्स७आरमध्ये ०.०१ ते ०.०३ च्या आसपास.

बोर्डावर मोजताना

टेस्ट लेव्हल बदलता येत असेल तर ०.१ व्होल्ट निवडा. ०.५ व्होल्ट आरएमएसचा शिखरबिंदू ०.७ व्होल्ट असतो. तेवढ्यात आयसीमधले सिलिकॉन जंक्शन चालू होतात आणि वाचन बिघडतं.

रेझिस्टरसाठी डीसी मोड लावा आणि एक साधा नियम धरा. बोर्डावर वाचन छापील किमतीपेक्षा कमी आलं तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही, कारण शेजारची सर्किटं समांतर आहेत. जास्त आलं तर मात्र संशय पक्का. १० किलोओहमच्या जागी ३८ किलोओहम दिसत असेल, आणि कुठे चार्ज उरलेला नसेल, तर रेझिस्टर वाढलाय किंवा ओपन आहे. समांतर जोडणीने रेझिस्टन्स कधी वाढत नाही.

डीकपलिंग कपॅसिटर (आयसीच्या पुरवठ्याजवळ लावलेला) एकेकटा बोर्डावर मोजता येत नाही. एका रेलवर (पुरवठ्याच्या लाइनवर) १०० नॅनोफॅरडचे वीस असतील तर मीटर २ मायक्रोफॅरड आणि त्यात बल्क कपॅसिटरची भर असं सगळं एकत्र दाखवतो. त्यातला एक ओपन झाला तरी कळणार नाही. शॉर्ट मात्र कळतो, पण तो कुणाचा ते नाही. मिलिओहम बघत रेलवरून फिरायची युक्ती बारीक ट्रॅकवर चालते. रुंद कॉपर प्लेनवर फरक इतका कमी असतो की चिमट्याच्या दाबातल्या फरकाने तो बुडतो. तिथे बेंच सप्लायवर रेलपेक्षा कमी व्होल्टेज, करंट लिमिट १ अँपिअर ठेवा आणि बोर्डावर आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पसरा. जो पार्ट तापून आधी कोरडा होतो तो पहिला संशयित. बोर्डाच्या कडेजवळचे आणि स्क्रूशेजारचे कपॅसिटर आधी पाहा, बोर्ड वाकला की तेच तडकतात. प्रोसेसरच्या कोअर रेलवर एखादा ओहम किंवा त्याहून कमी दिसणं नॉर्मल असू शकतं. शॉर्ट म्हणण्याआधी चालू बोर्डाशी ताडून बघा.

बाकी पार्ट

६०० ओहम लिहिलेला फेराइट बीड (वरच्या फ्रिक्वेन्सीचा नॉइज अडवणारा पार्ट) चिमट्यात अर्धा ओहम दाखवतो. तो ठीक आहे, कारण ते ६०० ओहम १०० मेगाहर्ट्झवरचे. डायोड मोडमध्ये सिलिकॉन ०.५ ते ०.७ व्होल्ट, शॉटकी ०.१५ ते ०.३. निळा किंवा पांढरा एलईडी पेटायला साधारण ३ व्होल्ट लागतात. मीटर तेवढे देत नसेल तर चांगला एलईडीही ओपन दिसेल.

चिमटा सोल्डरिंगसाठी वापरू नका. टोकांवर सोल्डर चढलं की शॉर्टचं वाचन दरवेळी वेगळं येतं. दहा-वीस पार्ट झाले की टोकं आयपीएने पुसा आणि पुन्हा शॉर्ट करून बघा. वाचन ५ मिलिओहमच्या वर हलत असेल, तर टोकं वाकडी झालीत का ते भिंगातून पाहा, आणि सरळ होत नसतील तर बदला.