बैठकीत गुडघा दुखू लागला की

इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात दहा दिवसांच्या विपश्यना ध्यानाच्या शिबिरात पहिले तीन दिवस श्वास पाहायचा, चौथ्या दिवसापासून एकेका अवयवावर लक्ष नेत अंगातल्या संवेदना. तेव्हापासूनच तासभर न हलता बसायचं अधिष्ठान सुरू होतं, आणि गुडघा बोलू लागतो.

लगेच पाय हलवू नका. आधी जबडा आणि खांदे सैल सोडा. दुखण्याशी झुंजताना तेच आवळले जातात. मग दुखरी जागा नीट पाहा: कडा कुठे, ठणका की जळजळ, सरकतेय का? थोडं पाहून पुढच्या अवयवाकडे जा. चीड आली तर ती छातीत की घशात जाणवते, तेवढंच बघा. 'स्वीकारलं की दुखणं जाईल' ही मात्र घासाघीस झाली. बहुतेकजण इथेच अडकतात. सांध्यात तीव्र कळ किंवा उठल्यावरही टिकणारा बधिरपणा असेल, तर सरळ खुर्ची मागून घ्या.