इलेक्ट्रिक कार घेताय? पैशांच्या या चुका टाळा

शोरूममधून मिळणारं कोटेशन एका कागदावर मावतं. इलेक्ट्रिक गाडीचा बराचसा खर्च मात्र त्या कागदावर नसतोच. तो असतो घराच्या वीज मीटरमध्ये, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, कर्जाच्या मुदतीत आणि तुम्ही महिन्याला किती फिरता यात. सेल्समनला यातलं काहीच माहीत नसतं आणि तो विचारतही नाही. महाराष्ट्रात नवी इलेक्ट्रिक कार घेणारे नेमके इथेच फसतात.

किलोमीटर न मोजता 'पेट्रोल वाचेल' म्हणणं

पेट्रोलची गाडी शहरात लिटरला १५ किलोमीटर देते असं धरू. लिटरचा दर शंभराच्या थोडा वर धरला, तर किलोमीटरला सुमारे सात रुपये पडतात. इलेक्ट्रिक गाडी एका युनिटमध्ये साधारण साडेसहा-सात किलोमीटर जाते. घरची वीज १२ रुपये युनिट धरली, तरी किलोमीटरचा खर्च दोन रुपयांच्या आत राहतो. म्हणजे किलोमीटरमागे पाच रुपये वाचले. इथवर सगळ्यांचं गणित जुळतं.

आता तशाच पेट्रोल गाडीपेक्षा इलेक्ट्रिक गाडीसाठी तीन लाख जास्त मोजावे लागत असतील, तर ते फिटायला ६०,००० किलोमीटर लागतील. रोज हिंजवडी ते हडपसर ये-जा करून महिन्याला २,००० किलोमीटर करणाऱ्याचे ते अडीच वर्षांत वसूल होतात. रविवारी मंडई आणि महिन्यातून एकदा गावी, असं मिळून ८०० किलोमीटर चालवणाऱ्याला सहा वर्षांहून जास्त लागतात. गाडी दोघांची सारखीच, पण दुसऱ्याने ती पैसे वाचवायला म्हणून घेऊ नये. आवडली म्हणून घ्यावी, त्यात काहीच चूक नाही.

अजून एक गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल-डिझेल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. त्याआधी तो २८ टक्के होता आणि वर सेस. इलेक्ट्रिक गाड्यांवर तो आधीही ५ टक्के होता, आजही तेवढाच आहे. त्यामुळे चार मीटरच्या आतल्या गाड्यांमध्ये पेट्रोल आणि ईव्हीच्या (इलेक्ट्रिक गाडीच्या) किमतीतलं अंतर वाढलं. त्याआधीचे तुलनेचे व्हिडिओ पाहून निर्णय घेऊ नका, त्यातले आकडे शिळे झालेत.

वीजबिलाचा स्लॅब विसरणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. लोक गेल्या महिन्याच्या बिलाची रक्कम घेतात, तिला युनिटांनी भागतात आणि 'आपल्याला वीज आठ रुपयांनी पडते' असं म्हणून मोकळे होतात. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो: पहिले १०० युनिट, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत, मग त्यापुढचे. पहिल्या टप्प्याचा दर आणि ३०० च्या पुढचा दर यांत दुपटीहून जास्त फरक आहे.

समजा घराचा वापर २५० युनिट आहे. महिन्याला हजार किलोमीटर म्हणजे चार्जिंगमधली गळती धरून १६० युनिट. त्यातले पहिले ५० दुसऱ्या टप्प्यात बसतील, उरलेले ११० थेट तिसऱ्या. गाडीला लागणारं प्रत्येक युनिट घराच्या वापराच्या वर चढतं, म्हणून त्याला सरासरी दर लावायचा नसतो, वरच्या टप्प्याचा लावायचा. उन्हाळ्यात एसी सुरू झाला की गाडी आणखी वर ढकलली जाते. मुंबईत बेस्ट, अदानी आणि टाटा पॉवरचे दर वेगळे आहेत, पण टप्प्यांची पद्धत तीच.

यावर उपाय आहेत. चार्जिंगसाठी वेगळ्या दरगटात स्वतंत्र जोडणी घेता येते. तिथे घरगुती टप्पे लागत नाहीत. मात्र तिचा स्थिर आकार (वापर असो-नसो, दरमहा द्यावी लागणारी रक्कम) आणि जोडणीचा खर्च विचारून मगच अर्ज करा, कमी फिरणाऱ्याला ती परवडेलच असं नाही. बंगला किंवा स्वतःचं छप्पर असेल तर पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या सौर पॅनेलवर ७८,००० रुपये केंद्राचं अनुदान मिळतं, आणि वरच्या टप्प्यातली महागडी युनिटं तीच खाऊन टाकतात. आणि 'रात्री वीज स्वस्त असते' हे परदेशी व्हिडिओंतून आलेलं ज्ञान जरा तपासा. महावितरणने २०२५ पासून स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना जी सवलत दिली आहे ती सकाळी नऊ ते संध्याकाळी पाचची आहे, सौर वीज मुबलक असते तेव्हाची.

घरी चार्जिंगची सोयच नसेल, तर वरचं सगळं गणित बाजूला ठेवा. सार्वजनिक फास्ट चार्जरवर युनिट वीस रुपयांच्या आसपास किंवा वर जातं, शिवाय १८ टक्के जीएसटी. किलोमीटरला साडेतीन रुपये धरा आणि गणित पुन्हा करा.

बुकिंग आधी, पार्किंग नंतर

क्रम उलटा ठेवा. आधी सोसायटीची लेखी परवानगी, मग वायरमनकडून अंदाज, मग बुकिंग. मीटर रूमपासून तुमच्या पार्किंगपर्यंत केबल किती लांब टाकावी लागते यावर खर्च ठरतो. दुसऱ्या तळघरात पार्किंग असेल तर तो हजारांत थांबत नाही. ७.२ किलोवॅटचा चार्जर बसवायचा तर ३२ अँपिअरची वेगळी लाइन लागते आणि बहुतेक घरांचा मंजूर भार (एका वेळी वीज वापरण्याची मर्यादा) वाढवून घ्यावा लागतो. साध्या १५-१६ अँपिअरच्या सॉकेटवरही गाडी रात्रभरात बरीच भरते. दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटर करणाऱ्याला तेवढं पुरतं, त्याने मोठ्या चार्जरवर उगाच पैसे घालू नयेत.

चार्जर किमतीत धरला आहे का, हेही विचारा. महिंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई आणल्या तेव्हा ७.२ किलोवॅटच्या चार्जरचे ५०,००० आणि ११.२ किलोवॅटच्या चार्जरचे ७५,००० रुपये वेगळे लावले होते.

सोसायटी 'नंतर बघू' म्हणत असेल तर तोंडी भांडू नका. अर्ज लेखी द्या. सोबत लाइनचा आराखडा, परवानाधारक कंत्राटदाराचं पत्र आणि खर्च स्वतः करण्याची तयारी जोडा. समितीची भीती बहुतेक वेळा दोनच गोष्टींची असते: कॉमन मीटरवर बिल येईल आणि आग लागेल. पहिलीला स्वतःच्या मीटरवरून आलेली लाइन हे उत्तर आहे, दुसरीला योग्य अर्थिंग आणि एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच).

बंद झालेल्या सवलती हिशेबात धरणं

'कर्जाच्या व्याजावर दीड लाखाची कर सवलत मिळते' हे वाक्य अजून ऐकू येतं. प्राप्तिकराच्या कलम ८० ईईबीची ती सवलत १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. आज कर्ज घेतलं तर ती मिळणार नाही. केंद्राच्या अनुदानाचंही तेच. फेम-२ योजना मार्च २०२४ मध्ये संपली, आणि तिच्यातही खासगी वापराच्या कार नव्हत्या. नंतरच्या पीएम ई-ड्राइव्हमध्येही त्या नाहीत.

राज्याचं २०२५ चं ईव्ही धोरण ३१ मार्च २०३० पर्यंत आहे आणि त्यात मोटार वाहन कर माफ आहे. हीच मोठी गोष्ट आहे, कारण पेट्रोल गाडीला इथे किमतीनुसार ११ ते १३ टक्के कर भरावा लागतो. धोरणात खरेदीवरचं प्रोत्साहनही आहे, पण त्याला मर्यादा आणि अटी आहेत. ते पैसे कोटेशनमधून वजा होऊन आले तर धरा; 'नंतर खात्यात जमा होईल' यावर डाउन पेमेंट ठरवू नका.

टोलमाफीही सरसकट नाही. अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी, एवढ्यांवर ती आहे. पुण्याहून साताऱ्याला निघालात की टोल नेहमीसारखाच. माफी असलेल्या रस्त्यावरही फास्टॅगचा मेसेज बघत जा, पैसे कापले गेल्याच्या तक्रारी झाल्या आहेत.

कोटेशनच्या ओळी न वाचणं

कर माफ, नोंदणी शुल्कही केंद्राने २०२१ पासून बॅटरी वाहनांना माफ केलेलं. मग 'आरटीओ' या ओळीपुढे वीस-पंचवीस हजार कसले? नंबर प्लेट, आरसी कार्ड, बोजा (बँकेच्या कर्जाची आरसीवरची नोंद) चढवण्याचं शुल्क असे किरकोळ खर्च असतात, ते सुटे लिहून मागा. 'हँडलिंग' किंवा 'लॉजिस्टिक' नावाची ओळ दिसली तर ती काढायला सांगा. बहुतेक वेळा निघते.

दहा लाखांवरच्या गाडीला एक टक्का टीसीएस (विक्रेत्याने तुमच्याकडून घेऊन सरकारकडे भरायचा कर) लागतो. तो खर्च नव्हे, तुमच्या पॅनवर जमा झालेला कर आहे. विवरणपत्र भरताना तो वळता होतो किंवा परत मिळतो. प्राप्तिकर खात्याच्या २६एएस या कर-नोंदीत दिसत नसेल तर डीलरकडे पॅन चुकीचा गेला असण्याची शक्यता जास्त. त्यालाच दुरुस्त विवरण भरायला लावा.

विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. बाहेरचे दोन दर घेऊन जा, तिथला हप्ता आपोआप उतरतो. थर्ड पार्टीचा दर सरकारी असतो आणि ईव्हीला त्यात १५ टक्के सूट आहे. घासाघीस करायची ती स्वतःच्या नुकसानीच्या भागावर. पाणी शिरल्याने बिघडलेली बॅटरी आणि भिंतीवरचा चार्जर पॉलिसीत आहेत का, हे लेखी बघा. इथे हजार-दोन हजार वाचवू नका.

हप्ता बघून कर्ज घेणं

बारा लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज. पाच वर्षांसाठी हप्ता साधारण २४,९१० रुपये, एकूण व्याज २ लाख ९५ हजारांच्या आत. सात वर्षांसाठी हप्ता १९,३०० वर येतो, पण व्याज ४ लाख २२ हजारांच्या घरात जातं. हप्ता साडेपाच हजारांनी हलका झाला त्याची किंमत सव्वा लाख.

पेट्रोल गाडीलाही हे लागू आहेच, पण ईव्हीत एक धोका जास्तीचा आहे. तंत्रज्ञान बदलतं आणि नव्या गाडीची किंमतच खाली येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये टाटाने नेक्सॉन ईव्ही १ लाख २० हजारांपर्यंत स्वस्त केली, कारण बॅटरी सेल स्वस्त झाले होते. नवीच स्वस्त झाल्यावर जुनीला कोण जास्त देणार? वरच्या सात वर्षांच्या कर्जात तीन वर्षांनंतरही पावणेआठ लाख बाकी असतात. तेव्हा गाडी विकायची वेळ आली, तर आलेली किंमत बँकेलाच द्यावी लागू शकते. म्हणून ईव्हीला पाच वर्षांपेक्षा लांब कर्ज नको, आणि शंभर टक्के कर्ज तर नकोच, बँक देत असली तरी.

बॅटरीची वॉरंटीही यात येते. बहुतेक कंपन्या ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर देतात. काही आता 'लाइफटाइम' म्हणतात, पण ती पहिल्या मालकापुरती. विकताना घेणाऱ्याच्या हातात उरलेली साधी वॉरंटीच जाते, आणि भाव त्यावर ठरतो.

'सात टक्के फ्लॅट' ऐकलं की थांबा. फ्लॅट म्हणजे फेडून झालेल्या मुद्दलावरही शेवटपर्यंत व्याज. बारा लाखांवर पाच वर्षं सात टक्के फ्लॅट म्हणजे हप्ता २७,०००. घटत्या शिल्लकीच्या हिशेबाने तो दर साडेबारा टक्के होतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जासोबत 'की फॅक्ट स्टेटमेंट' देणं बँका आणि वित्त कंपन्यांना बंधनकारक आहे. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर छापलेला असतो. तो एकच आकडा दोन बँकांचा शेजारी ठेवा. प्रोसेसिंग फी आणि कर्जासोबत गुपचूप चिकटवलेला आयुर्विमा त्यात उघडे पडतात.

स्टेट बँकेसारख्या बँका ईव्हीसाठी वेगळं 'ग्रीन' कर्ज देतात, नेहमीच्या कार कर्जापेक्षा किंचित कमी दराने. डीलरच्या टेबलावरचा माणूस ते स्वतःहून सांगेलच असं नाही. दर स्थिर की बदलता, हेही विचारा. वैयक्तिक कर्ज बदलत्या दराचं असेल तर मुदतीआधी फेडायला दंड नाही, स्थिर दराला तो असू शकतो.

'बॅटरी भाड्याने' म्हणजे स्वस्त समजणं

एमजी विंडसर सप्टेंबर २०२४ मध्ये ९.९९ लाखांना आली, बॅटरीचं भाडं किलोमीटरला साडेतीन रुपये. बॅटरीसकट किंमत साडेतेरा लाख. फरक साडेतीन लाखांचा, म्हणजे एक लाख किलोमीटर झाले की तो फिटला, आणि त्यापुढेही मीटर चालूच राहू शकतो. वीज वेगळीच. काही वित्त कंपन्या महिन्याला किमान किलोमीटरची अट घालतात. ती १,५०० ची असेल तर ५,२५० रुपये ठरलेले, मग तुम्ही ७०० किलोमीटर चालवा किंवा गाडी झाकून ठेवा. कमी फिरणाऱ्याला योजना आकर्षक वाटते आणि नेमकी त्यालाच ती सर्वांत महाग पडते. करारात तीन गोष्टी शोधा: किमान किलोमीटर, दर कधी वाढू शकतो, आणि गाडी विकताना बॅटरीचा करार कुणाच्या गळ्यात जातो.

धंद्याच्या नावावर घेताना

डॉक्टर, सीए, दुकानदार यांना सांगितलं जातं की जीएसटीचं क्रेडिट मिळेल, म्हणजे गाडीवर भरलेला जीएसटी धंद्याच्या जीएसटीतून वजा होईल. साध्या वापराच्या कारवर ते मिळत नाही, ईव्ही असली तरी. घसारा (गाडीच्या झिजेपोटी दरवर्षी नफ्यातून वजा होणारी रक्कम) मात्र पेट्रोल गाडीच्या १५ टक्क्यांऐवजी ४० टक्के धरता येतो. हिशेब करायचा तर त्यावर करा.

कर्ज फिटल्यावर

शेवटचा हप्ता गेला की बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजा उतरवून घ्या. हे काम परिवहन पोर्टलवरूनही सुरू करता येतं. एनओसीची मुदत संपण्याआधी ते करा, नाहीतर बँकेकडून नवी एनओसी काढायला पुन्हा हेलपाटे. विमा कंपनीलाही कळवा, कारण पॉलिसीवर बँकेचं नाव तसंच राहिलं तर मोठ्या नुकसानीचा दावा बँकेच्या पत्रावाचून अडतो.