जुन्या मैफलींच्या चित्रफिती दाखवून संगीतशिक्षणासाठी निधी कसा उभारावा

ठाण्यात नौपाडा, चरई, पाचपाखाडी या भागांतल्या जुन्या घरांत माळ्यावर व्हीएचएस कॅसेटींचे गठ्ठे अजून सापडतात. लग्न-मुंजींच्या कॅसेटींमध्येच कुठेतरी १९८० नंतरच्या दशकातली एखादी घरगुती बैठक असते, एखाद्या मंडळाचा संगीत महोत्सव असतो, सत्कारानंतर रंगलेलं गाणं असतं. पं. राम मराठे (१९२४–१९८९) यांच्यासारखा गवई ज्या शहरात राहिला, तिथे त्या काळी कुणाच्या तरी हातात कॅमेरा असणारच. ही चित्रणं कोणत्याही संग्रहालयात नाहीत. ती मोठ्या पडद्यावर दाखवली तर गाणं शिकणाऱ्या मुलांसाठी चांगला निधी उभा राहतो आणि त्या निमित्ताने कॅसेटही वाचते. क्रम मात्र पाळावा लागतो: आधी फीत वाचवायची, मग परवानग्या घ्यायच्या आणि सभागृहाची तारीख सगळ्यात शेवटी ठरवायची.

कॅसेट हाती आली की

कॅसेट मिळाल्यावर ती लगेच व्हीसीआरमध्ये घालू नका. कॅसेटच्या कडेला प्लॅस्टिकची एक छोटी पट्टी असते, ती आधी तोडून टाका. ती नसली की चुकूनही त्या फितीवर दुसरं काही मुद्रित होत नाही. मग उजेडात धरून खिडकीतून फितीची गुंडाळी बघा. कडेवर पांढरी भुकटी किंवा कोळिष्टकासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे. खाडीकाठच्या आपल्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात हे फार होतं. बुरशी लागलेली फीत यंत्रात फिरवली तर ती तुटू शकते, यंत्राच्या हेडला बुरशी लागते आणि तिथून ती पुढच्या कॅसेटीवर जाते. अशी कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवा आणि ती साफ करून देणाऱ्या जाणकाराकडेच द्या. ती हाताळताना तोंडाला मास्क हवा.

वेळ फार उरलेला नाही. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ मध्ये उत्पादन बंद केलं. आज जी यंत्रं चालतात ती जुनी आहेत, त्यांचे सुटे भाग मिळत नाहीत आणि ती दुरुस्त करणारे हातही कमी होत चालले आहेत.

डिजिटल करून घेताना दुकानदाराला नेमकं काय हवं ते सांगा. एरवी छोटी एमपी४ फाईल पेनड्राइव्हवर मिळते. मोबाईलवर ती बरी दिसते, पडद्यावर फुटते. आपल्याकडची चित्रणं पॅल या व्हिडिओ पद्धतीची असतात, त्यामुळे ७२० बाय ५७६ आकारात आणि सेकंदाला २५ फ्रेम्स ठेवून, शक्य तितक्या कमी दाबलेली फाईल मागा. प्रत्येक फ्रेम दोन अर्धुकांत साठवलेली असते; ती वेगळी करून सेकंदाला ५० चित्रं काढली तर तबल्यावरची बोटं तुटक दिसत नाहीत. मिनीडीव्ही, म्हणजे छोटी डिजिटल कॅसेट असेल तर फायरवायर केबलने तिची हुबेहूब प्रत निघते, तासाला साधारण १३ जीबी. पुतण्याने अमेरिकेहून आणलेली कॅसेट एनटीएससी या तिकडच्या पद्धतीची असू शकते, तेही आधी तपासा. मूळ फाईल दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवा आणि संपादनासाठी तिसरी प्रत वापरा.

आवाजाबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण पडद्यावरचं धूसर चित्र श्रोता सहन करतो, वाईट आवाज नाही. व्हीएचएसवर फितीची खरखर असते. ती काढायला सॉफ्टवेअर लावलं की ते एकसारखा चालणारा प्रत्येक आवाज गोंगाट समजतं, आणि गाण्यात एकसारखा चालणारा आवाज म्हणजे तानपुरा. जवारी, म्हणजे तारांची गुंज, खरवडून निघते, षड्ज (सा) पोकळ होतो आणि गवई रिकाम्या खोलीत गायल्यासारखा वाटतो. म्हणून खरखर थोडी राहू द्या. शेवटचा हात फिरवण्याआधी कान तयार असलेल्या एखाद्या गायकाला फाईल ऐकवा. गवयाची पट्टी माहीत असेल तर पेटी घेऊन ताडूनही बघा. फितीचा वेग बिघडला असेल तर पट्टी सरकलेली लगेच कळते.

कोणाकडे विचारायचं

कॅसेट आपल्या काकांनी काढली म्हणून ती दाखवण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार गायक-वादकाला आपल्या सादरीकरणावर ५० वर्षं हक्क असतो आणि तो सादरीकरणानंतरच्या वर्षापासून मोजतात. म्हणजे १९८६ च्या मैफलीचा हक्क २०३६ अखेरपर्यंत आहे. गायक हयात नसतील तर वारसांना भेटा. तबलजी आणि पेटीवाले हेही कलाकारच आहेत. त्यांना विचारायचं बहुतेक जण विसरतात. चित्रण करणाऱ्याची आणि मूळ कार्यक्रम करणाऱ्या मंडळाची संमतीही घ्या.

मग येते रचना. पारंपरिक बंदिशीचा प्रश्न नाही. नाट्यपदांत मात्र बघावं लागतं. कवी आणि संगीतकार यांच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क टिकतात. नाटककार देवल १९१६ मध्ये गेले, नाटककार खाडिलकर १९४८ मध्ये, संगीतकार गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये. त्यांच्या शब्दांना आणि चालींना आता बंधन नाही. पं. जितेंद्र अभिषेकींचं निधन १९९८ मधलं, त्यामुळे त्यांच्या चालींचे हक्क २०५८ अखेरपर्यंत आहेत. अशा पदांसाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेकडे चौकशी करा. ‘चांगल्या कामासाठी आहे, मग परवानगी कशाला’ असं कुणीतरी म्हणेलच. हौशी मंडळांना कायद्यात सवलत आहे, पण ती प्रेक्षकांकडून पैसे न घेणाऱ्या कार्यक्रमांना किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी होणाऱ्या कार्यक्रमांना. तुम्ही तिकीट लावणार आहात.

दूरदर्शनवरून घरी मुद्रित केलेली कॅसेट बाजूला ठेवा. तिचे हक्क दूरदर्शनकडे असतात. आणखी एक गोष्ट: सिनेमॅटोग्राफ कायदा, १९५२ सार्वजनिक ठिकाणी दाखवल्या जाणाऱ्या व्हिडिओलाही लागू होतो. प्रमाणपत्र लागेल की सूट मागायची, हे वकिलांकडून आणि सभागृहाच्या कार्यालयातून आधीच लेखी करून घ्या.

वारसांना भेटायला शक्यतो घरीच जा आणि फाईल बरोबर न्या. वडिलांचं गाणं कित्येक वर्षांनी बघणाऱ्या माणसाला त्याच बैठकीत सही मागू नये. संमतीपत्र एका पानाचं आणि मराठीत असावं: कोणती चित्रफीत, किती मिनिटं, कोणत्या तारखेला, कोणत्या सभागृहात, पैसे कोणाला जाणार आणि इंटरनेटवर काहीही टाकलं जाणार नाही. हे शेवटचं वाक्य लिहिलं की कुटुंबाची धास्ती कमी होते. एखादा तुकडा दाखवू नका असं त्यांनी सांगितलं, त्या दिवशी आवाज बसला होता म्हणून, तर तो काढून टाका. चर्चा करू नका.

पैसे कोणासाठी, ते आधी

‘संगीतशिक्षणासाठी’ एवढंच लिहिलं तर देणारा शंभराची नोट काढतो. मिरजेहून तानपुऱ्यांची जोडी, पालिका शाळेतल्या वर्गाला पेटी आणि तबला, अमुक इतक्या मुलांची वर्षाची फी आणि परीक्षा शुल्क, असं नेमकं लिहा. वाद्याचं दरपत्रक आधीच आणा आणि ते प्रवेशिकेवर छापा.

तिकिटाचा संकोच नको. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते संस्थानिकांच्या खजिन्यावर नव्हे, लोकाश्रयावर, आणि त्यासाठी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या. त्या परंपरेतल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची वास्तू आज वाशीत आहे. नवी मुंबईत कार्यक्रम करणार असाल तर तिथल्या शिक्षकांशी बोला. मदतीची खरी गरज कोणत्या मुलांना आहे, हे त्यांना माहीत असतं.

पैसे नोंदणीकृत न्यासाच्या खात्यातच घ्या. तुमचा गट नोंदणीकृत नसेल तर वर्गणी गोळा करण्याआधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात विचारा. तिकिटाची रक्कम आणि देणगी वेगळ्या ठेवा, कारण तिकिटाच्या बदल्यात माणूस कार्यक्रम बघतो, ती देणगी धरत नाहीत. आयकर सवलतीची पावती हवी असणाऱ्यांना सांगा की २,००० रुपयांवरची रोख देणगी सवलतीस पात्र नसते. धनादेश किंवा यूपीआय वापरावं.

सभागृह आणि पडदा

गडकरी रंगायतन किंवा वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह यांचा मोह होतो. माझा सल्ला लहान सभागृहाचा. व्हीएचएसचं चित्र मोठ्या पडद्यावर ताणलं की चेहरे पुसट होतात. आठ-दहा फुटांचा पडदा आणि दीड-दोनशे माणसं यात ते उत्तम दिसतं आणि बैठकीचा भावही टिकतो. चित्र ४:३ आकाराचंच ठेवा. रुंद पडदा भरायला ते ओढलं तर तानपुरेही भोपळ्यासारखे दिसतात. उरलेल्या दोन बाजू काळ्या कापडाने झाका. आदल्या दिवशी त्याच प्रोजेक्टरवर आणि त्याच ध्वनिव्यवस्थेवर सगळं एकदा चालवून बघा. आवाज मोठा करण्यापेक्षा खालचे घुमणारे स्वर थोडे कमी करा, शब्द स्पष्ट येतात.

अख्खी कॅसेट दाखवू नका. दीड तासाच्या कार्यक्रमात पडद्यावर पस्तीस-चाळीस मिनिटं पुरे. एक बंदिश पूर्ण दाखवावी, तान अर्धी तोडू नये; बाकी छोटे तुकडे. प्रत्येक तुकड्याआधी तारीख, जागा, साथीला कोण, हे दोन वाक्यांत सांगा. तारीख नक्की नसेल तर दशक सांगा, अंदाज ठोकू नका. त्या मैफलीत साथ केलेले तबलजी आज हयात असतील तर त्यांना मंचावर खुर्ची द्या. ‘इथे बुवांनी माझ्याकडे का बघितलं’ हे ते सांगू लागले की सभागृह पुढे सरकून ऐकतं. त्यानंतर निधी ज्यांच्यासाठी आहे त्या मुलांपैकी एका-दोघांनी तोच राग दहा मिनिटं गावा. देणगीचं आवाहन त्यानंतर लगेच करा, भाषण न करता: काय हवं, किती हवं, किती जमलं.

मोबाईलवर चित्रण करू नका, हे सुरुवातीलाच सांगा आणि कारणही सांगा. कुटुंबाने या एका सभागृहापुरतीच परवानगी दिली आहे म्हटल्यावर लोक फोन खिशात ठेवतात.

कार्यक्रमानंतर

पंधरा दिवसांत जमाखर्च एका पानावर मांडून प्रत्येक देणगीदाराला पाठवा. सभागृहाचं भाडं आणि प्रोजेक्टरचा खर्चही त्यात दाखवा. गायकाच्या आणि साथीदारांच्या घरी डिजिटल प्रत द्या. मूळ कॅसेट फेकू नका. उद्या चांगलं यंत्र मिळालं तर तिच्यातून आजच्यापेक्षा बरी प्रत निघू शकते. ती पूर्ण गुंडाळून, सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात, पुस्तकासारखी उभी ठेवा आणि वर तारीख, गायक, साथीदार, राग आणि चित्रण करणाऱ्याचं नाव लिहा.