टॅबवर बँडचं नोटेशन
मंगळवार पेठेतल्या आमच्या बँडची पानं मी आयपॅडवर डोरिको या नोटेशन लिहायच्या ॲपमध्ये लिहितो. आधी वाद्यं निवडा, आणि ट्रम्पेट 'बी फ्लॅट'चाच घ्या. तो लिहिल्यापेक्षा एक पूर्ण स्वर खाली बोलतो. म्हणजे पांढरी एक (सी) पट्टीचं गाणं ट्रम्पेटवाल्याच्या पानावर पांढरी दोन (डी) मध्ये हवं. बी फ्लॅट क्लॅरिनेटचंही तेच. तुम्ही स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांचं एकत्र पान, कॉन्सर्ट पिचमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष ऐकू येणाऱ्या स्वरात ठेवून लिहीत चला, पार्टमधला, म्हणजे एकेका वाद्याच्या पानातला बदल ॲपच करतं. आधी मात्रेची लांबी निवडायची, मग पडद्यावरच्या पियानोवर स्वर दाबायचा. गणपतीच्या मिरवणुकीत पोरं चालता चालता वाचतात, म्हणून अक्षर मोठं आणि पानावर ओळी मोजक्याच ठेवा. शेवटी पीडीएफ काढून झेरॉक्स मारा. पावसात टॅब बाहेर नको.